एक खोली आणि हजारी ८२८ : गिरणगावातील बालमृत्यूच्या आकड्याची चिकित्सा

प्रस्तावना :
दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या गिरणगावाविषयी लिहिताना मुंबईच्या आरोग्य अहवालांतील १९२१ चा एक आकडा वारंवार उद्धृत केला जातो. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे ८२८ अर्भके दगावली. दोन खोल्यांत हे प्रमाण ३२२, तीन खोल्यांत १९१, तर चार वा अधिक खोल्यांत १३३ होते. बर्नेट-हर्स्ट यांच्या 'लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे' (१९२५) या ग्रंथानुसार ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत. प्रस्तुत लेखात या आकड्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. अनेक कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर आपल्या गावी जात. तेथील जन्माची नोंद मुंबईत होत नसे. मात्र आई परतल्यावर मूल दगावले, तर तो मृत्यू मुंबईच्या खाती पडे. त्यामुळे दर फुगे आणि खोल्यांनुसार दिसणारा फरकही काही अंशी वाढे.

परंतु एवढ्यावरून तो निकालात काढणे योग्य नव्हे. क्षयाने खंगलेला कामगार गावी जाऊन मरण पावला, तर शहराच्या नोंदीत त्याचा मागमूस राहत नसे. बाळंतपण, आजारपण आणि वार्धक्य यांचा भार गाव वाही. गिरणीच्या वाट्याला केवळ कष्टाचे वय येई.

अर्भकांना अफूची गोळी देणाऱ्या आयांच्या 'अज्ञाना'वरही तत्कालीन चर्चेत बोट ठेवले गेले. १९२२ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ११ तास काम मान्य केले होते. मुंबई इलाख्यातील प्रसूती-लाभ कायदा १९२९ साली आला. मूल सांभाळणारे कोणी नसता त्याला निजवून ठेवणे, हे अज्ञानापेक्षा त्या वेळापत्रकाचेच फळ होते.

१९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. भिंती काँक्रीटच्या झाल्या. कुटुंबाच्या वाट्याला मात्र पुन्हा एकच खोली आली.

निष्कर्ष :
८२८ हा मृत्यूचा अचूक दर नव्हे. तथापि दोष आकड्यात आहे म्हणून दुःख खोटे ठरत नाही. ज्या नोंदवहीत कामगार केवळ शहरात असेपर्यंतच माणूस म्हणून मोजला गेला, तिचे वाचन गावाच्या बाजूनेही होणे आवश्यक आहे.