‘कुंभक’ की ‘श्वासरोध’ : एक परिभाषाविचार

एका विद्येतील शब्द दुसरीत उसना नेला, की त्याच्याबरोबर त्याचे जुने संस्कारही जातात. ‘फ्रीडायव्हिंग’ म्हणजे हवेच्या नळकांड्यावाचून, केवळ एका श्वासावर बुडी मारण्याचा खेळ. त्यातील ‘स्टॅटिक ॲप्निया’ या प्रकारात खेळाडू पाण्यावर पालथा, निश्चल राहून जास्तीत जास्त वेळ श्वास रोखून धरतो. यास मराठीत ‘स्थिर कुंभक’ म्हणावे, अशी सूचना आमच्या विभागातील एका चर्चेत पुढे आली. सूचना आकर्षक आहे. परंतु ती स्वीकारू नये, असे आम्हांस वाटते.

ती निराधार आहे असे मात्र नव्हे. झाक मायोल या फ्रेंच बुडीपटूने योगाभ्यासाची जोड देऊन १९७६ साली एल्बा बेटापाशी १०० मीटर खोली गाठली. शिवाय ‘ॲप्निया’ हा मूळचा ग्रीक शब्द श्वासाचा केवळ अभाव सांगतो. झोपेत नकळत थांबलेला श्वासही ॲप्नियाच होय. कुंभकात कर्त्याची इच्छा अभिप्रेत आहे. येथवर कुंभक सरस ठरतो.

अडचण पुढे आहे. हठप्रदीपिकेत आठ कुंभक सांगितले असून भस्त्रिका त्यांपैकी एक आहे. तीत भात्याप्रमाणे वेगाने श्वासोच्छ्वास करून मग श्वास कोंडावयाचा असतो. आसनस्थ साधकाला भोवळ आली तर तो जमिनीवर कलंडेल. तलावात हाच क्रम प्राणघातक ठरू शकतो. श्वास घेण्याची अनावर ऊर्मी उठते ती मुख्यतः ऑक्सिजन घटल्याने नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने. जलद श्वसनाने तो वायू बाहेर टाकला जातो. उलट रक्त ऑक्सिजनने आधीच जवळजवळ भरलेले असल्यामुळे त्यात फारशी भर पडत नाही. म्हणजे शिदोरी वाढत नाही, इशाऱ्याची घंटा तेवढी उशिरा वाजते. आणि ती वाजण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. त्याच आठांत ‘मूर्च्छा’ नावाचाही एक कुंभक आहे व ग्रंथकार त्यास सुखद म्हणतो. पाण्यात मूर्च्छा सुखद नसते.

या गैरसमजास आपल्या भाषेनेही हातभार लावला आहे. ऑक्सिजनला आपण ‘प्राणवायू’ म्हणतो. साहजिकच ‘प्राणायाम’ म्हणजे प्राणवायूचा संचय, असे वाचक धरून चालतो. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापून प्राणायामास प्रयोगशाळेत नेणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी त्याचे मोल जादा ऑक्सिजनात मानले नव्हते. शब्दाने रुजविलेला समज मात्र टिकून राहिला.

मग ‘दम’ हा रूढ शब्द का घेऊ नये? या खेळाच्या सरावात दोन तक्ते वापरतात. पहिल्यात श्वास रोखण्याचा काळ कायम ठेवून मधली विश्रांती क्रमाने कमी करतात. त्यायोगे कार्बन डायऑक्साइडची ऊर्मी सोसण्याची सवय होते. ‘दम धरणे’ या प्रयोगात श्वास आणि धीर हे दोन्ही अर्थ नांदत असल्याने या तक्त्याचे याहून नेमके वर्णन सापडणार नाही. दुसऱ्यात विश्रांती कायम राखून रोखण्याचा काळ वाढवितात. येथे प्रश्न ऑक्सिजन उतरत जाण्याचा असतो आणि धीर अपुरा पडतो. २००९ साली स्तेफान मिफ्सूद यांनी ११ मिनिटे ३५ सेकंद श्वास रोखला. २०२१ साली बुदिमिर शोबात यांनी २४ मिनिटे ३७ सेकंद रोखला, पण आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन. हे अंतर केवळ धीराचे नव्हे, मुख्यतः शिदोरीचे आहे. दमाचा गौरव करणारा शब्द नवशिक्यास नेमके येथेच फसवील.

म्हणून क्रीडाप्रकारास ‘अचल श्वासरोध’ हे कोरडे नाव द्यावे. ‘दमसास’ हा गवयांच्या बैठकीतील शब्द कमावलेल्या क्षमतेसाठी ठेवावा. आणि ‘कुंभक’ आसनावरच राहू द्यावा. तलावात उतरणाऱ्याला शब्दाने शौर्य शिकवू नये. त्याच्याशेजारी जाणता सोबती असलाच पाहिजे, एवढे भान त्याने राखले तरी परिभाषेचे काम झाले.