संजीवनीची पाठशाळा : जादूच्या शाळेची कथा आणि स्वतंत्रतेचा प्रश्न

जादूच्या शाळेची कथा लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकावर आज हॅरी पॉटरची सावली पडलेली असते. तिच्यातून सुटण्यासाठी तो किल्ल्याच्या जागी वाडा आणि छडीच्या जागी रुद्राक्ष ठेवतो. अकलूजला पदव्युत्तर वर्गांना शिकवताना विद्यार्थ्यांच्या अशा कथा माझ्या वाचनात आल्या आहेत. पोरका मुलगा, परस्परांशी स्पर्धा करणारी घराणी, वर्षाअखेरीचा सामना हा सांगाडा तसाच राहतो. देशीयतेच्या नावाखाली होते ते केवळ रंगकाम.

वास्तविक रोलिंगबाईंची (१९९७) शाळाही उसनीच आहे. तिची घडण टॉमस ह्यूज यांच्या रग्बी शाळेवरील कादंबरीने (१८५७) रूढ केलेल्या इंग्रजी निवासी शाळेच्या कथेतून आली. जादूगारांचे विद्यापीठ तर अर्सुला ले ग्विन यांनी १९६८ मध्येच रोक बेटावर वसवले होते. तेव्हा सामग्रीच्या नवेपणात स्वतंत्रता शोधणे व्यर्थ होय. विद्या कोणाला, कोणत्या अटीवर आणि कोणत्या मोलाने मिळते, या प्रश्नापाशी ती शोधावी लागते.

आपल्या परंपरेत एकाच विद्येच्या दोन पाठशाळा आहेत. महाभारताच्या आदिपर्वातील कच शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून राहतो तो शत्रुपक्षाची संजीवनी मिळवण्यासाठी. दानव त्याला तीनदा मारतात. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात जाते. तो पोटातून बाहेर पडला तर गुरू मरणार, म्हणून गुरूला आपल्या उदरातल्या शिष्याला मंत्र द्यावा लागतो. पुढे देवयानीच्या शापाने ती विद्या कचाला स्वतःला फळत नाही, त्याने ज्याला शिकवली त्याला मात्र फळते. विद्येची याहून कठोर अट कल्पिणे अवघड आहे.

मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त (शके १७४१) हाच मंत्र निराळ्या वातावरणात येतो. मच्छिंद्रनाथांनी दिलेला संजीवनी मंत्र बालगोरक्ष घोकत बसला आहे. गावातली पोरे चिखलाची गाडी करतात आणि गाडीवान घडवायला त्याला सांगतात. हाताने चिखल, तोंडाने मंत्र. बाहुले जिवंत होते. ही शाळेतलीच आगळीक आहे, पण तिचा शेवट शिक्षेत होत नाही. त्या मुलाला सांभाळायला घर शोधावे लागते. हाच गहिनीनाथ, आणि वारकरी परंपरेनुसार त्याच्याकडूनच निवृत्तिनाथांना आणि पुढे ज्ञानेश्वरांना उपदेश मिळाला. तिथे विद्या राजकारणाने हस्तगत होते. इथे ती अजाणता सांडते आणि जबाबदारी होऊन उभी राहते. मंत्र तोच, पण देण्याघेण्याची रीत बदलताच कथा पूर्णतः वेगळी होते.

खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ (१९१३) लिहिताना एकही पात्र नव्याने निर्माण केले नसते, तरी ते नाटक त्यांचेच ठरले असते. मूळ कथेत साधन म्हणून आलेल्या मद्याला त्यांनी आशयाच्या केंद्रस्थानी आणले आणि आचार्यांचे व्यसन हा नाट्यविषय केला. (त्यातील प्रचाराचा सूर आज खटकतो, ही बाब अलाहिदा.) भार कोठे द्यायचा याची ही जाण रुद्राक्षाच्या जमवाजमवीतून येत नाही.

मराठी समाजाला शाळेच्या प्रवेशद्वाराचा इतिहास आहे. एकलव्यापासून १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेपर्यंत, आत कोण येणार हाच आपल्याकडे शिक्षणाचा मुख्य प्रश्न राहिला. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून, कष्ट करून शिकायचे ते वसतिगृह इंग्रजी शाळेतील घराण्यांच्या रचनेहून मुळातच निराळे आहे. आपल्या जादूच्या शाळेला हा प्रश्न टाळता येईल असे मला वाटत नाही. गोरक्षाच्या कथेतली ती गाडी करणारी पोरे बाहुले जिवंत होताच भूत समजून पळाली. खेळ त्यांचा होता, गाडी त्यांची होती. मंत्र मात्र त्यांना कोणी दिला नाही. त्यांच्या बाजूने लिहिलेली कथा माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही.