करंट अजून चालू आहे: ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ पुन्हा बघताना



एरवी आपण इथे मेंदू, भीती आणि शिकणं यांच्यावरच्या प्रयोगांबद्दल बोलतो. आज एका सिनेमाबद्दल बोलू. विषय मात्र तोच आहे.

गुरिंदर चढ्ढाचा ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ 2002 साली आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो टीव्हीवर तरी बघितला असेल. लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोमध्ये राहणारं शीख कुटुंब. धाकटी मुलगी जेस (परमिंदर नागरा) हिला फुटबॉल खेळायचाय. आईला वाटतं, आधी गोल पोळी करायला शीक. दिवाणखान्यात गुरु नानकांची मोठी तसबीर, जेसच्या खोलीत बेकहॅम. आईच्या लेखी तो नुसता ‘टकला’.

शाळेत असताना बघितला तेव्हा मला हिशोब सोपा वाटला होता: आईबाप जुनाट, मुलगी बरोबर. बहुतेक परीक्षणंही तेच म्हणतात, ‘परंपरा विरुद्ध स्वातंत्र्य’. परवा लॅबमधून थकून आल्यावर परत लावला आणि या वेळी माझं लक्ष जेसवर राहिलंच नाही. ते तिच्या वडिलांवर, म्हणजे अनुपम खेरवर खिळलं.

का, ते सांगण्याआधी एक प्रयोग सांगते.

1953 साली रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. (आज अशा प्रयोगाला नैतिक समिती सहजी परवानगी देणार नाही.) एका पेटीचे दोन कप्पे, मध्ये बुटकी भिंत. दिवा विझला की थोड्या वेळाने पायाखाली विजेचा झटका. कुत्रा लवकरच शिकतो: दिवा विझला की पलीकडे उडी मारायची. मग करंट कायमचा बंद केला. तरी कुत्रे शेकडो वेळा उड्या मारत राहिले. कारण साधं आहे. जो दर वेळी उडी मारतो, त्याला करंट बंद झालाय हे कळणार कसं? टाळणं यशस्वी होतं, म्हणून भीती टिकते.

आता भामरांकडे या. जेसचा प्रशिक्षक जो घरी येतो, तेव्हा ते आपली गोष्ट सांगतात. नैरोबीत ते शाळेतले सर्वोत्तम वेगवान गोलंदाज होते. इंग्लंडला आल्यावर क्लबमधल्या गोऱ्यांनी त्यांच्या पगडीची टर उडवली आणि हाकलून दिलं. त्यानंतर त्यांनी क्रिकेटच सोडलं. ही झाली उडी. आणि आता तीच उडी त्यांना मुलीकडून हवी आहे. पोळ्यांचा मुद्दा आईचा आहे. वडिलांचं ‘नको’ वेगळ्या जागेतून येतं: जे माझं झालं ते हिचं होऊ नये.

जेस म्हणते, आता जग बदललंय, बघा ना, नासिर हुसेन इंग्लंडचा कर्णधार आहे. त्यावर आई पटकन म्हणते, हुसेन म्हणजे मुसलमान, त्यांचं वेगळं असतं. आपण हसतो. पण आमच्या भाषेत सांगायचं तर आई नवा डेटा नमुन्यातून बाद करते आहे. (पुढे 2006 मध्ये पटका बांधलेला माँटी पनेसर इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळला, तीही आपल्या नागपुरात, आणि पहिलाच बळी घेतला सचिनचा. तेव्हा भामरा आजींनी काय कारण काढलं असतं, हा विचार करून मजा येते.)

इथपर्यंत प्रयोग आणि सिनेमा जुळतात. मीही खूश झाले होते. पण एक गोष्ट जुळत नाही, आणि मला वाटतं सिनेमाचं खरं बळ आणि खरी चूक दोन्ही तिथेच आहेत.

प्रयोगात करंट बंद केलेला होता. सिनेमात तो चालू आहे.

मैदानात विरोधी संघातली मुलगी जेसला ‘पाकी’ म्हणते. जेस तिला ढकलते, लाल कार्ड जेसला मिळतं. तो सामना बघायला वडील चोरून आलेले असतात. म्हणजे त्यांची भीती हा जुना भ्रम नाही. पगडी घालून बस चालवता यावी म्हणून वुल्व्हरहॅम्प्टनच्या शिखांना 1967 ते 1969 लढावं लागलं. पगडीमुळे शाळेत प्रवेश नाकारलेल्या मुलाला न्याय मिळायला 1983 उजाडलं, तोही हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन. भामरांचा डेटा खरा आहे.

आणि सिनेमा या झटक्याचं काय करतो? जो म्हणतो, मी आयरिश आहे, मला कळतं. मग मिठी, मग प्रेमकथा. शिवी तिथेच विरते. शेवटी जेस शिष्यवृत्ती घेऊन कॅलिफोर्नियाला उडते, जणू तिकडे करंट नाहीच. सिनेमा ब्रिटनमध्ये लागण्याच्या सात महिने आधी, 15 सप्टेंबर 2001 ला, ॲरिझोनातल्या मेसा इथे बलबीर सिंग सोढी या पेट्रोल पंपाच्या मालकाला दाढी-पगडी बघून गोळ्या घातल्या गेल्या होत्या. हे आठवल्यावर विमानतळावरचा तो गोड निरोप मला तितकासा गोड वाटला नाही.

तरीही हा सिनेमा मी तुम्हाला परत बघायला सांगेन, तो भामरांच्या शेवटच्या बोलण्यासाठी. ते असं म्हणत नाहीत की आता जग सुधारलंय. ते म्हणतात, मी तक्रार केली नाही, खेळणं सोडलं, त्यात नुकसान कुणाचं झालं? माझंच. मला हिने लढायला हवंय.

हे कुत्र्यांच्या प्रयोगात नाही. तिथे भीती जाण्यासाठी आधी ‘आता धोका नाही’ हे कळावं लागतं. भामरांना धोका आहे हे पक्कं ठाऊक आहे, आणि तरी ते मुलीला पाठवतात, कारण उडी मारण्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजलीय. माझ्या क्षेत्रात यासाठी चटकन वापरता येईल असा शब्द मला सापडत नाही. घरी त्याला धीर म्हणतात.

तुमच्या घरीही असं एखादं ‘नको’ असेल. पुढच्या वेळी ते जुनाट म्हणून झटकण्याआधी एकदा विचारून बघा: तुम्हाला झटका नेमका कुठे बसला होता? मग वाद घालाच. पण उत्तर ऐकल्यावर घाला.

भेटू पुढच्या लेखात.