‘ए प्लेग टेल’ या खेळांतील कालविपर्यास

बखरींतील सनावळी तपासण्याची आम्हांस संवय आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतींत तसा प्रसंग प्रथमच आला. नातवाच्या आग्रहावरून ‘ए प्लेग टेल’ मालेंतील ‘इनोसन्स’ (२०१९) व ‘रेक्विम’ (२०२२) हे दोन भयप्रधान खेळ आम्हीं त्याच्या शेजारीं बसून अथपासून इतिपर्यंत पाहिले. त्यांचे कर्ते फ्रान्समधील बोर्दो येथील असोबो स्टुडिओ. विषय चौदाव्या शतकांतील ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा.

किल्ले, गल्ल्या व वस्त्रें यांवर घेतलेले श्रम उघड दिसतात. उंदरांच्या झुंडी माणसें खातात व उजेडास भितात, ही कल्पना भयरसाच्या सोयीची म्हणून आम्ही सोडून देतों, इ. स. १८९७ च्या पुण्यांतील प्लेगच्या हकीकती ज्यांनीं घरीं ऐकल्या आहेत, त्यांस उंदीरच आधीं मरून पडतात हें सांगावयास नको. इन्क्विझिशनची फौज सरदाराच्या वाड्यावर चालून येते, तिचा सूत्रधार ‘ग्रँड इन्क्विझिटर’. त्या काळीं फ्रान्समधील धर्मपरीक्षक बहुधा डोमिनिकन यति असत. दंडाची अंमलबजावणी राजसत्तेकडे होती. स्पेनांत टॉर्केमादास तें पद मिळालें १४८३ सालीं.

मुख्य दोष निराळाच आहे. पहिला खेळ गुइयेन प्रांतांत नोव्हेंबर १३४८ मध्यें सुरू होतो. दुसऱ्यांत तींच भावंडें सहा महिन्यांनीं प्रोव्हान्समध्यें येतात, तों तेथें नगर निर्धास्त, बाजार भरलेला; रोग फुटतो तो त्यांच्या आगमनानंतर. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. मार्सेय बंदरांत प्लेग १३४७ च्या अखेरीस उतरला, जानेवारी १३४८ मध्यें आव्हिन्यों येथें पोंचला, आणि नंतर पश्चिमेकडे सरकत गुइयेनमध्यें गेला. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची कन्या जोन खुद्द बोर्दो येथें त्याच वर्षीं या रोगानें वारली. कर्त्यांच्या स्वतःच्या गांवची ही गोष्ट!

प्रोव्हान्सचा ‘काउंट व्हिक्टर’ हाही असाच निराधार. तेथील सत्ता नेपल्सची राणी जोआना हिची होती. तिनें जून १३४८ मध्यें आव्हिन्यों नगर सहाव्या क्लेमेंट पोपला ८०,००० फ्लोरिनांस विकलें. एवढा व्यवहार ज्या प्रांताच्या दप्तरांत आहे, तेथें कल्पित धनी कशाला हवा?

कोणी म्हणेल, ही कादंबरी आहे, इतिहास नव्हे. कबूल. परंतु या क्रमविपर्यासानें रोग व्यापारी जहाजांबरोबर न येतां एका बालकाच्या रक्ताबरोबर गांवोगांव हिंडतो असें ठरतें. रोग विवक्षित माणसें आणतात, हा आरोप त्याच प्रोव्हान्समध्यें प्रत्यक्ष झाला होता. एप्रिल १३४८ मध्यें तूलों येथें यहुद्यांच्या घरांवर हल्ला होऊन माणसें मारलीं गेलीं. जुलै व सप्टेंबरांत क्लेमेंटास त्यांच्या संरक्षणार्थ आज्ञापत्रें काढावीं लागलीं. कर्त्यांचा हेतु तसा नाहीं हें आम्ही जाणतों. तरीहि दोन्ही खेळांत या हकीकतीची खूण आम्हांस आढळली नाहीं. सन व प्रांत न सांगतां कथा रचली असती तर आमची हरकत नव्हती. त्यांनीं दोन्ही सांगितले आहेत.