गाण्यावरचा खटला

बोलपटातील गाणे म्हणजे विसाव्याची जागा, असे आपण धरून चालतो. कथा थांबते, नायक-नायिका फेर धरतात आणि आपण खिशातले फुटाणे काढतो. परंतु ज्या चित्रपटात गाणे हाच गुन्हा ठरतो, तो पाहताना फुटाणे खिशातच राहतात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा असा मराठी चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

नारायण कांबळे हा वृद्ध लोकशाहीर मुंबईच्या वस्तीत गात असतो. त्याचे गाणे ऐकून एका गटारकामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून पोलीस त्याला धरतात. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली; २०२१ साली ते निवर्तले. गीते संभाजी भगत यांची. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढून भांडवलदाराला डफावर जो सवाल टाकला, त्याच घराण्याची ही गाणी.

मृत कामगाराची बायको साक्ष देते. गटारात उतरण्यापूर्वी नवरा खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली, तर आत हवा आहे असे समजे. अंगावर संरक्षणाचे साधन नाही. ज्या व्यवस्थेला मजुराच्या जिवापेक्षा झुरळ स्वस्त पडते, ती सुटते आणि शाहीर पिंजऱ्यात उभा राहतो!

याच चित्रपटात दुसरीही रंगभूमी आहे. सरकारी वकीलीणबाई सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह नाटकाला जातात. परप्रांतीयाला घराबाहेर काढताच प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. तेथे पोलीस येत नाहीत. का यावेत? पोटासाठी आलेल्या माणसावर पोटासाठी राबणाऱ्याने दात खाल्ले, की मालकाकडे कोणाचे बोट जात नाही. मला या चित्रपटाचा खरा निषेध गाण्याच्या शब्दांपेक्षा या दोन रंगमंचांच्या शेजारात दिसतो.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. शाहिराचे गाणे ऐकणाऱ्यांच्या मनात काय हलते, ते आपल्याला फारसे कळत नाही. आमच्या गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार आणि नाटके होतात. धान कापून आलेले गडी, विड्या वळणाऱ्या बाया मांडी घालून बसतात. गाण्यातली मजुरीची एखादी ओळ त्यांना लागली, की शिट्ट्या थांबतात. मी मास्तर माणूस. माझे लक्ष रंगमंचाइतकेच त्या चेहऱ्यांकडे असते. ‘कोर्ट’मध्ये ते चेहरे मला हवे होते.

तरीही वाचकहो, यंदा सहकुटुंब पाहावा असाच हा चित्रपट आहे. आणि पुढे मंडईतल्या नाटकाला बसाल, तेव्हा आपण टाळी वाजवली ती कोणाच्या बाजूने, एवढे मुलांनी विचारले तर उत्तर तयार ठेवा.