जन्म, नियम आणि नगर : मेन्झोबेरान्झानच्या विश्वरचनेविषयी

१

साहित्यकृतीतील विश्व आणि वाचक यांच्या संबंधांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने कथात्म साहित्याच्या अनुषंगाने झाला आहे. कादंबरीतील नगर हे कथानकाची पार्श्वभूमी, पात्रांच्या जाणिवेचा विस्तार किंवा एखाद्या मूल्यव्यवस्थेचे प्रतीक म्हणून वाचले जाते. परंतु जे नगर कोणा एकाच्या कथेसाठी लिहिलेलेच नाही, ज्यात पुढे कोण प्रवेश करणार व काय करणार हे लेखकाला ठाऊक नसते, अशा नगराच्या वर्णनाची मीमांसा कशी करावयाची? रोल-प्लेइंग गेम या खेळप्रकाराच्या संहितांनी हा प्रश्न उपस्थित केला आहे. सोयीसाठी त्याला येथे ‘भूमिकाखेळ’ म्हणू. या खेळात काही जण एकत्र बसतात. प्रत्येक जण आपल्या पात्राची कृती बोलून सांगतो. खेळनियंता भोवतालच्या जगाचा प्रतिसाद सांगतो. आणि निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फाशांचा कौल घेतला जातो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील आद्य प्रकाशित खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. त्याच्या परंपरेत घडलेल्या मेन्झोबेरान्झान या भूमिगत नगराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हे नगर ‘ड्राऊ’ म्हणजे कृष्णवर्णी एल्फांचे. खेळाच्या नियमाने या जमातीचे दुष्टपण जन्मसिद्ध मानले होते. मात्र तिचे नगर तपशीलवार रचले गेले तेव्हा ते दुष्टपण जन्माचे न राहता संस्थांचे झाले. विश्वरचनेने आपल्याच गृहीतकाचे खंडन केले, असे माझे प्रतिपादन आहे.

२

भूमीखाली राहणाऱ्या काळ्या एल्फांची कल्पना उत्तर युरोपीय पुराणकथांतली. तेराव्या शतकातील आइसलँडचा लेखक स्नॉरी स्टुर्लुसन याच्या ‘एडा’त तिचा उल्लेख आहे. गायगॅक्सने या धाग्यातून १९७८ च्या साहसपुस्तिकांत ड्राऊंची जमात, तिची कोळीरूप देवता लोल्थ आणि एरेल्हाय-सिन्लू हे नगर उभे केले. त्या पुस्तिकांची संबोध्य व्यक्ती म्हणजे वरून खाली उतरणारा, शस्त्रसज्ज आगंतुक. त्यामुळे नगर हे प्रवासाचे अंतिम, सर्वांत धोक्याचे स्थान ठरते. ‘अराजक आणि दुष्ट’ हा नियमातील शिक्का अशा आगंतुकाला पुरेसा असतो. ज्याच्याशी लढावयाचे, त्याचे बालपण जाणून घेण्याचे कारण त्याला नसते.

आर. ए. साल्वाटोर यांच्या ‘होमलँड’ या कादंबरीने १९९० साली हा दृष्टिकोन उलटवला. ड्रिझ्ट हा तिचा नायक याच नगरात जन्मतो. १९९२ साली एड ग्रीनवुड, साल्वाटोर आणि डग्लस नाइल्स यांनी मेन्झोबेरान्झानचा खेळसंच सिद्ध केला. त्यातील तीन पुस्तकांचा क्रम उद्बोधक आहे : प्रथम नगर, मग घराणी, शेवटी साहस. म्हणजे आधी स्थळ, त्यानंतर सत्तासंबंध आणि सर्वांत अखेरीस कथेची शक्यता. कथानकाला प्राधान्य देणाऱ्या आपल्या वाचनसवयीला हा क्रम उलटा वाटेल. पण या प्रकाराची प्रकृती नेमकी त्यातच आहे.

३

सुमारे दोन मैल रुंदीच्या गुहेत वसलेल्या, वीस हजार ड्राऊंच्या या नगरात सूर्य नाही. मग दिवस कसा मोजावयाचा? नार्बोन्डेल नावाच्या प्रचंड पाषाणस्तंभाच्या तळाशी नगराचा प्रमुख जादूगार मध्यरात्री मंत्राने उष्णता निर्माण करतो. ती दिवसभर हळूहळू वर चढते आणि उष्णता पाहू शकणाऱ्या ड्राऊंना काळ दिसतो. केवळ चमत्कृती म्हणून या स्तंभाकडे पाहणे अपुरे ठरेल. येथे काळ निसर्गदत्त नाही. तो रोज एका पदाधिकाऱ्याकडून निर्माण करून घ्यावा लागतो. ज्या समाजाचा दिवसच अधिकारपदातून उगवतो, त्या समाजात काहीही ‘स्वाभाविक’ म्हणून सोडून देणे कठीण होते. खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत उष्णता पाहण्याची ही शक्ती काढून तिच्या जागी अंधारात पाहण्याची वेगळी शक्ती आली, आणि या घड्याळाकडे पाहणारा डोळाच नियमांतून नाहीसा झाला. नियमातील एक शब्द बदलताच प्रतिमेचा आधार निसटतो, ही या संहितांची खास अवस्था आहे.

‘पाताळ’ या शब्दाचा मोह येथे टाळला पाहिजे. विष्णुपुराणातील पाताळ नागांच्या मण्यांनी उजळलेले आहे, आणि तेथून परतलेला नारद ते स्वर्गाहून रम्य असल्याचे सांगतो. ती ऐश्वर्याची कल्पना आहे. मेन्झोबेरान्झान ही टंचाईची कल्पना आहे : कवकांची वने, तळ्यातील बेटावर राखलेली गुरे, आणि मर्यादित जागेत एकमेकांवर नजर ठेवून असलेली घराणी.

या घराण्यांचा कायदा हा रचनेचा गाभा होय. सत्ता आठ प्रमुख घराण्यांच्या कुलस्वामिनींच्या मंडळाकडे असते. खालच्या घराण्याला वर चढावयाचे तर वरच्याचा समूळ नाश करावा लागतो. आरोप करणारा एकही कुलीन जिवंत उरला नाही, तर ते घराणे जणू कधी नव्हतेच. उरला, तर आक्रमकाचा नाश होतो. ‘होमलँड’चा आरंभच अशा हल्ल्याने होतो. डो-उर्डेन घराणे डेव्हिर घराण्याला संपवून दहाव्याचे नववे होते, आणि त्याच रात्री ड्रिझ्ट जन्मतो. तिसरा मुलगा म्हणून त्याचा बळी ठरलेला असतो. परंतु हल्ल्याच्या धामधुमीत एका भावाने दुसऱ्याचा खून केल्याने तो दुसरा मुलगा ठरतो व वाचतो. त्याचे जगणे करुणेवर अवलंबून नसून गणतीवर अवलंबून आहे. ‘अराजक’ म्हणून नोंदलेली जमात इतक्या काटेकोर हिशेबाने वागते, हा विसंगतीचा भाग नव्हे. शिक्षा हिंसेला नाही, उघडकीस येण्याला आहे, हे एकदा ध्यानात आले की अराजक हीच तेथील राज्यघटना असल्याचे उमगते.

सर्वांत निर्णायक पुरावा शाळेचा. नगराच्या अकादमीत योद्ध्यांसाठी दहा, जादूगारांसाठी तीस आणि पुजारिणींसाठी पन्नास वर्षांचे शिक्षण आहे. पृष्ठभागावरील एल्फ आपले छळकर्ते आहेत, हा इतिहास तेथे पुनःपुन्हा घोकून घेतला जातो. येथे अपरिहार्यपणे प्रश्न येतो : द्वेष रक्तातच असेल, तर तो शिकवावयाला इतकी वर्षे का लागतात? जन्मावरून स्वभाव ठरवणारी व्यवस्था मराठी वाचकाला अपरिचित नाही. अशी व्यवस्था स्वतःला निसर्ग म्हणवते आणि त्याच वेळी हा निसर्ग टिकवण्यासाठी अहोरात्र शिक्षण, विधी व शिक्षा यांचा वापर करते, हेही दलित साहित्याच्या समीक्षेने आपल्याला शिकवले आहे.

४

या दृष्टीने कादंबरी आणि खेळसंच यांची तुलना करावी लागते. सामान्यतः कादंबरी ही प्रगल्भ आणि खेळाची पुस्तिका ही दुय्यम असे मानले जाईल. येथे मात्र उलट घडले आहे. ड्रिझ्ट जन्मतःच जांभळ्या डोळ्यांचा आहे. त्याचे वेगळेपण शरीरावरच कोरलेले आहे. त्याचा पिता झॅकनाफेन हाही नगराच्या रीतीचा मनोमन तिरस्कार करणारा. म्हणजे संस्थांनी घडवलेल्या दुष्टपणाचे प्रभावी चित्र रेखाटून झाल्यावर कादंबरी चांगुलपणा मात्र रक्तातून आणते. जन्मवाद दारातून घालवला, तो नायकाच्या रूपाने खिडकीतून परतला.

खेळसंचातील नगराला असा एकमेव नायक नाही. रोमान इनगार्डन आणि वोल्फगांग इझर यांनी साहित्यकृतीतील अनिश्चित व रिकाम्या जागांचा विचार मांडला. कादंबरीचा वाचक त्या जागा मनात भरतो आणि त्याची जबाबदारी स्वतःपुरती असते. भूमिकाखेळात त्या इतरांच्या साक्षीने, बोलून भराव्या लागतात, आणि त्याचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात. अकादमीतील एखादी सामान्य विद्यार्थिनी साक्षीदाराला लपवील की मारील, हे पुस्तक सांगत नाही. ते फक्त दोन्हींची किंमत सांगते. टोल्किन यांनी १९३९ च्या व्याख्यानात ज्या आंतरिक सुसंगतीचा आग्रह धरला, तिला येथे नैतिक आशय प्राप्त होतो. किंमत सुसंगत असेल तरच निवडीला अर्थ राहतो.

५

अर्थात या रचनेची समस्या लपवण्याचे कारण नाही. काळी त्वचा आणि दुष्टपण यांची सांगड, तसेच स्त्रीसत्ता म्हणजे क्रौर्य हे समीकरण, या दोन्ही गोष्टी तिच्या पायातच आहेत. नगरातील स्त्रीसत्ता ही बहुतांशी पुरुषसत्तेचीच आरशातली प्रतिमा आहे. तिने सत्तेचे दुसरे रूप कल्पिलेले नाही. खेळाच्या सध्याच्या प्रकाशकांनी, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्टने, जून २०२० मध्ये ड्राऊंच्या चित्रणात वास्तवातील वांशिक अवहेलनेचे पडसाद असल्याचे मान्य केले. २०२१ साली लोल्थच्या प्रभावाबाहेरचे, दूर देशी राहणारे अन्य ड्राऊ समाज या विश्वात आणले गेले.

ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. दुष्टपण जन्माचे नसून पंथाचे आहे, हे तिने मान्य केले. परंतु सज्जन दुसऱ्या नगरात नेऊन ठेवल्याने विभागणी जन्मावरून भूगोलावर सरकते, एवढेच. मेन्झोबेरान्झानमध्येच राहणाऱ्याने, जांभळे डोळे नसताना, नार्बोन्डेलखाली वेगळे कसे जगावे, हा प्रश्न तसाच उरतो. त्या नगराच्या रचनाकारांनी तीन दशकांपूर्वी, कदाचित अभावितपणे, तो विचारण्याची सोय करून ठेवली होती. नगर पुरेसे रचले की त्यातील माणसाला केवळ जमातीच्या नावाने ओळखणे अशक्य होते. विश्वरचनेचे मोल ठरवताना तिच्या तपशिलांची संख्या मोजण्यापेक्षा ही कसोटी अधिक उपयुक्त ठरेल.