मरणाचे मोल आणि मृताचा शब्द

मराठीत मरणासाठी शब्द पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील फारच थोडे मरणाऱ्या माणसाविषयी काही सांगतात. ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’, ‘पैगंबरवासी’, ‘ख्रिस्तवासी’ ही विशेषणे मृताचा धर्म वा पंथ सांगतात; ‘देवाज्ञा झाली’ हा प्रयोग घटनेचे कर्तृत्व अन्यत्र सोपवतो; ‘गेले’, ‘निवर्तले’ ही क्रियापदे मरणाला प्रस्थानाचे रूप देतात. ‘मरणे’ हे उघडे क्रियापद शिष्ट बोलण्यात आप्तांच्या संदर्भात सहसा टाळले जाते. ते गुराढोरांसाठी, शत्रूसाठी, किंवा ज्यांच्याविषयी आदर दाखवण्याची गरज वाटत नाही अशांसाठी राखलेले असते. म्हणजे मरण सर्वांना समान असल्याचे तत्त्वज्ञान सांगणारी भाषा व्यवहारात मरणाची प्रतवारी करते. अशा भाषेत व्यक्तीने स्वतःच्या मरणाविषयी केलेले चिंतन कोणते रूप घेते, आणि ते कोणाला ऐकू जाते, हा प्रश्न मराठी समीक्षेने मृत्यूच्या आशयसूत्राची चर्चा करताना पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

या चिंतनाची एक भक्कम परंपरा मराठीत आहे. स्वतःचे मरण स्वतः पाहिल्याचा अनुभव सांगणारा तुकारामांचा अभंग हा तिचा उत्कर्षबिंदू होय. तेथे मरतो तो अहंभाव. पाहणारा मागे उरतो आणि त्याचे उरणे हाच आनंदाचा विषय होतो. देहाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्या अनुभवाच्या कक्षेत येत नाही. भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांच्या कवितेत ‘मी’ आपल्या पश्चात चालत राहणाऱ्या जगाची कल्पना करतो. जगाचे रहाटगाडगे थांबणार नाही, याची खिन्न जाण तेथे आहे. परंतु ती जाण बोलून दाखवणाऱ्याला श्रोता मिळणार, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. दोन्ही ठिकाणी मरणाविषयी बोलणारा आवाज अबाधित आहे. एका ठिकाणी त्याला अध्यात्माचा आधार आहे, दुसऱ्या ठिकाणी भावगीताच्या लयीचा. मरण हे बोलणाऱ्याचे स्वतःचे आहे, त्यावर त्याचा अधिकार आहे, हे गृहीतक मात्र समान आहे.

सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) हे नाटक नेमक्या याच गृहीतकाला हात घालते. चाळीत राहणारा भाऊराव मरतो आणि आपल्या मरणाचे आख्यान कीर्तनाच्या ढंगात स्वतःच सांगू लागतो. या रूपबंधाची निवड अर्थपूर्ण आहे. कीर्तनाच्या पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याला दृष्टान्तरूप आख्यानाची जोड मिळते. विशिष्टाला सामान्य सत्याच्या आश्रयाला नेणे हे त्या रचनेचे कार्य असते. ‘महानिर्वाणा’त आख्यानाचा नायक आणि कीर्तनकार एकच आहेत आणि निरूपणाला सामान्य सत्यच उरलेले नाही. आपले मरण पाहणाऱ्या संताची भूमिका येथे प्रेताकडे आली आहे. संताच्या बाबतीत देह गौण होता. येथे देह घरात पडून आहे आणि कुजू लागला आहे. चाळकरी, पत्नी रमा, मुलगा नाना या सर्वांच्या दृष्टीने भाऊरावाचे बोलणे दुय्यम असून त्याच्या देहाची विल्हेवाट ही तातडीची बाब आहे.

या नाटकाकडे प्रायः मध्यमवर्गीय दांभिकतेवरील आणि मृत्यूविषयक कर्मकांडावरील उपहास म्हणून पाहिले गेले. त्यातील काळा विनोद, चाळकऱ्यांच्या सामूहिक हालचाली आणि वैधव्याच्या प्रारंभीच परपुरुषाकडे ओढली जाणारी रमा यांमुळे असे वाचन स्वाभाविक ठरते. पण ते अपुरे आहे. केवळ उपहासच अभिप्रेत असता, तर मृताचा आवाज हा सत्य सांगणारा, इतरांचे ढोंग उघडे पाडणारा आवाज झाला असता. भाऊराव तसा नाही. त्याची एकमेव मागणी परंपरेचीच आहे: त्याला जुन्याच स्मशानात जळावयाचे आहे, आणि ते स्मशान तर बंद होत आहे. मरणानंतरही त्याला मोक्षाची आस नाही, जागेची आहे. तुकारामांच्या अभंगात जे मरून जाते तेच येथे शिल्लक राहिले आहे. नाटकाच्या शीर्षकातील विरोधगर्भता या ठिकाणी स्पष्ट होते: ‘निर्वाण’ म्हणजे विझणे, आणि भाऊराव काही केल्या विझत नाही.

त्याचा हट्ट पुरवताना नानाची जी ओढाताण होते, ती नाटकाचा नैतिक गाभा आहे. मृताची इच्छा जिवंतांवर कितपत बंधनकारक असते? ती पाळणे म्हणजे प्रेम, की भीती, की केवळ लोकलाज? नाटक याचे उत्तर देत नाही. परंतु स्वतःच्या मरणाविषयी माणसाने काहीही ठरवले तरी ते पार पाडणारे हात दुसऱ्याचेच असतात, ही वस्तुस्थिती ते हास्याच्या आवरणाखाली पुढे ठेवते. मरण हा माणसाचा सर्वांत खाजगी अनुभव मानला जातो. ‘महानिर्वाणा’त तो सर्वांत परावलंबी अनुभव ठरतो.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (प्रथम प्रयोग १९८५) या रचनेची दुसरी बाजू दिसते. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींच्या मृत्यूनंतरचे दिवस चालू आहेत. येथे मृत माणूस बोलत नाही. सर्व बोलणे मागे उरलेल्यांचे आहे आणि ते बव्हंशी खर्चाविषयी आहे. तेरवीला गावजेवण घालावयाचे की नाही, घातल्यास पैसा कोठून आणावयाचा, मुंबईच्या भावाने किती भार उचलावयाचा, या वादांतून शोकाला वाट मिळते आणि तो गुदमरतोही. येथे एलकुंचवारांची दृष्टी उपहासाची नाही. कुळाच्या इतमामासाठी होणारा हा खर्च निरर्थक आहे, हे घरातील प्रत्येकाला कमीअधिक कळते. तरीही तो न करणे म्हणजे तात्याजींचे मरण ‘हलके’ करणे होय, ही भावना खोटी म्हणता येत नाही. खर्च हीच येथे शोकाची भाषा आहे, कारण दुसरी भाषा या कुटुंबाला कोणी शिकवलेली नाही.

मरणाला मोल असते, ते कोणाला तरी चुकते करावे लागते, हा ‘वाडा चिरेबंदी’चा प्रत्यय मान्य केला की एक वेगळे पुस्तक शेजारी ठेवून पाहणे अपरिहार्य होते. बाबुराव बागूल यांच्या कथासंग्रहाचे नाव आहे ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९). हे शीर्षक पूर्ण वाक्य आहे. ते चालू वर्तमानकाळात आहे. आणि त्यात मरणाला लावलेले विशेषण बाजारातले आहे. मुंबईच्या झोपडवस्तीतील माणसांच्या संदर्भात ‘महा’ किंवा ‘निर्वाण’ यांसारखी पदे उच्चारण्याचा अवकाश तेथे नाही. शिष्ट भाषेने बाजूला टाकलेला ‘मरण’ हाच शब्द बागूल उचलतात आणि त्याचा भाव पडत असल्याचे सांगतात. वाड्यात मरण महाग असल्यामुळे कुटुंब मोडते. वस्तीत ते स्वस्त असल्यामुळे कोणाचे काही अडत नाही. ही दोन्ही विधाने एकाच समाजव्यवस्थेची आहेत. आपल्या मरणाविषयी निवांत चिंतन करता येणे यासाठी आपले मरण कोणाच्या तरी हिशेबात धरले जाईल, हा विश्वास आधी असावा लागतो. तांब्यांच्या ‘मी’ला जग आपल्याला विसरेल याची खंत वाटू शकते, कारण जगाने आपली नोंद घेतलेली आहे याविषयी तो निःशंक आहे. मृत्यूचिंतनाच्या परंपरेला ‘वैश्विक’ म्हणणाऱ्या समीक्षेने बागुलांच्या शीर्षकाला उत्तर दिल्याशिवाय ते विशेषण वापरणे योग्य नव्हे.

तथापि या दोन नाटकांची एक समान मर्यादाही नोंदवावयास हवी. भाऊराव आणि तात्याजी यांचे मरणे दाखवले जात नाही. मराठी नाटकाने मृत्यूनंतरचे व्यवहार तपशिलाने रंगवले. मृत्यूपूर्वीचे अंथरूण, वेदना, शुश्रूषा, उशाशी बसलेल्या माणसाचा थकवा हे येथे पडद्याआडच राहिले. ‘वाडा चिरेबंदी’तील दादी हा याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आपला मुलगा गेल्याचे तिच्या जाणिवेपर्यंत पोचलेले नाही. ती आतून हाका मारते, विचारत राहते, आणि घर आपल्या वादात गुंतलेले असते. सगळे कुटुंब मेलेल्या माणसाचे काय करावयाचे यावर बोलत असताना, संथपणे मरत चाललेले एक माणूस त्याच वाड्यात आहे आणि त्याचे बोलणे उत्तरावाचून राहते. भाऊरावाचे लांबलचक कीर्तन आणि दादीचे तुटक विचारणे यांत कोणते अधिक अस्वस्थ करणारे आहे, याचे उत्तर अवघड नाही.

हा प्रश्न आता केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा अधिकार जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला आणि असाध्य अवस्थेत उपचार चालू ठेवावयाचे की थांबवावयाचे याविषयी आगाऊ लेखी इच्छापत्र करून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ साली त्याची कार्यपद्धती काहीशी सुलभ करण्यात आली. कायद्याने मरणाऱ्याच्या शब्दाला वजन दिले. परंतु ते इच्छापत्र वाचणारा नाना आणि त्याची भाषा कायद्याला पुरवता येत नाही. ती भाषा घडवणे हे साहित्याचे काम आहे. त्यासाठी ‘महानिर्वाणा’च्या उंचीवरून ‘मरणे’ या साध्या क्रियापदाकडे परत यावे लागेल, आणि ते क्रियापद वाड्यातल्या दादीसाठी व वस्तीतल्या माणसासाठी सारख्याच आदराने वापरता आले पाहिजे.